हुक्केरी मॅडमची ओळ

"सहाशे बारा," मी म्हणालो.

शेटे साहेब जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले. "काय सहाशे बारा?"

"इशारे. त्या लोकांचा एक तपासणीचा प्रोग्राम असतो, तो आपल्या फाइलवर चालवला. त्यानं सहाशे बारा ठिकाणी बोट ठेवलंय."

"कार्ड चालतंय न्हवं?"

"चालतंय."

"आकडा बरोबर देतंय?"

"देतंय की."

"मग बोट कशावर ठेवलंय त्या बाबानं?"

"कॉमेंट्सवर."

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच ते सहाशे बारा खिळे ठोकून ठेवले होते. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मला समजंल असं सांग."

मी सांगितलं. आमची फॅक्टरी गोकुळ शिरगावला होती. फौंड्रीतल्या भट्ट्यांचं तापमान संगणकावर दाखवणारं एक कार्ड आम्ही बनवत होतो. एका कार्डाला सोळा भट्ट्यांच्या तारा जोडता यायच्या. कार्ड संगणकात बसवलं की त्याच्याशी बोलायला एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाला आमचं कार्ड पसंत पडलं होतं, पण त्याची अट होती की ड्रायव्हर मूळ ऑपरेटिंग सिस्टीममध्येच सामील झालेला हवा. ही सिस्टीम म्हणजे जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट मिळणारी. तिच्या एकेका भागावर एकेक राखणदार असतो. आमच्या भागाचा राखणदार लेहतोनेन नावाचा फिनलंडचा गृहस्थ होता. त्यानं कळवलं होतं, प्रोग्राम चांगला आहे, पण कॉमेंट्स आमच्या पद्धतीच्या नाहीत, आधी त्या नीट करून पाठवा.

"कॉमेंट म्हणजे मशीन वाचत नाही अशी ओळ," मी म्हणालो. "पुढं प्रोग्राम वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली. इथं असं का केलंय, तिथं काय सांभाळायचं."

"मशीन वाचत नाही, त्याच्यासाठी माझा माल अडलाय?" साहेब उठले. "किती दिवस?"

"तीन आठवडे तरी."

"बाई असत्या तर आठवड्यात झालं असतं," असं म्हणून ते खाली गेले.

बाई म्हणजे हुक्केरी मॅडम. शैलजा हुक्केरी. तो ड्रायव्हर त्यांनी एकटीनं लिहिला होता, चार वर्षं खपून. मूळच्या गडहिंग्लजच्या, शिक्षण फिजिक्सचं, प्रोग्रामिंग स्वतःचं स्वतः शिकलेल्या. मी नोकरीला लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, त्या अडतीस-एकोणचाळीसच्या असतील. वरच्या खोलीत आम्ही दोघंच बसायचो, पाठीला पाठ लावून. सात महिन्यांत कामाखेरीज आम्ही फारसं बोललो नाही. त्यांना तेजू नावाची एक लहान मुलगी होती. मिस्टर बँकेत होते. त्यांची रायपूरला बदली झाली आणि मॅडमनी राजीनामा दिला. जायच्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात रायपूरचा नंबर लिहिला आणि म्हणाल्या, "जाते रे इरफान. काही अडलं तर फोन कर." मी "हो" म्हणालो.

त्यानंतर वीस दिवसांनी हे काम माझ्या अंगावर आलं.

फाइल सुमारे तीन हजार ओळींची होती. मी वरून सुरुवात केली. नियम सोपे होते. एका ओळीत ऐंशीपेक्षा जास्त अक्षरं नकोत. कॉमेंट दोन तिरप्या रेघांनी सुरू करायची नाही. तिरपी रेघ आणि फुली, मग प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक फुली, आणि सगळ्या फुल्या एकाखाली एक. तारखा नकोत, बदलांचा इतिहास नको. भाषा फक्त इंग्रजी.

मॅडमच्या कॉमेंट्समध्ये यातला एकही नियम पाळलेला नव्हता. त्या मराठीत लिहायच्या, इंग्रजी अक्षरांत. पहिल्याच पानावर होतं :

"इथं दोन मिलिसेकंद थांब. का ते विचारू नकोस, मीही विचारून दमले."

मी हसलो. मागं वळून बघितलं. मागची खुर्ची रिकामी होती.

पुढं आणखी होत्या. "१९ ऑगस्ट. घोरपड्यांच्या फौंड्रीत भट्टीशेजारी उभं राहून तपासलं. चपलेचा तळ वितळला. आकडा बरोबर." एका ठिकाणी, "हा आकडा खोटा आहे हे मला माहीत आहे. खरा सापडेपर्यंत राहू दे." आणि त्याच्याच खाली, दोन वर्षांनंतरची तारीख घालून, "सापडला." एके ठिकाणी प्रोग्रामचा एक तुकडा मध्येच थांबला होता आणि लिहिलं होतं, "तेजूला ताप. इथून पुढं उद्या." पुढचा भाग तीन दिवसांनंतरच्या तारखेनं सुरू होत होता.

सात महिने मी ज्या बाईंच्या पाठीला पाठ लावून बसलो होतो, त्या मला त्या फाइलीत पहिल्यांदा भेटल्या. माझं काम होतं ते सगळं पुसून, त्या जागी रुळावर चालणारं इंग्रजी लिहायचं. चपलेचं वाक्य मी असं केलं : प्रत्यक्ष भट्टीवर तपासले आहे. बरोबरच होतं ते. फुल्या एकाखाली एक लागल्या होत्या.

रोज संध्याकाळी मी मशीनसाठी प्रोग्राम नव्यानं तयार करायचो आणि जुन्याशी ताडून बघायचो, चुकून मशीनच्या ओळीला धक्का लागलाय का. लागलेला नसायचा. अक्षर न् अक्षर तेच. मशीनच्या दृष्टीनं मी दिवसभर काहीच केलेलं नसायचं.

चौथ्या दिवशी मी फोन केला. त्या दोन मिलिसेकंदांचं कारण खरोखरच मला लिहायचं होतं. दुपारचे चार वाजले होते.

"मॅडम, इरफान बोलतोय."

"अरे! बोल बोल. काय अडलं?"

"ते दोन मिलिसेकंद कशाला थांबायचं?"

त्या हसल्या. फॅक्टरीत मी त्यांना इतक्या मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. "ते होय? कार्डावर छोटे रिले आहेत ना, एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर जाताना ते पलटतात. पलटला की पाती जागेवर बसायच्या आधी थोडी थरथरते. त्या थरथरीत वाचलं तर कार्ड काहीही सांगतं."

"हे कुठं लिहिलेलं आहे का? कंपनीच्या कागदात?"

"छे. मी कार्ड कानाला लावून ऐकलं. आठ दिवस. साहेबांना वाटलं बाईला वेड लागलं."

मी ते लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर चहा प्यायलो, आणि लक्षात आलं की सकाळपासून जे जड जड वाटत होतं ते गेलंय.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पुन्हा फोन केला. प्रश्न होता, पण इतकाही महत्त्वाचा नव्हता. तिसऱ्या दिवशी प्रश्न शोधावा लागला. पुढं पुढं मी सकाळी आल्या आल्या आजचा प्रश्न कुठला ते आधी ठरवायचो आणि मग कामाला लागायचो. दिवसाला पन्नास-साठ इशारे सहज निघाले असते. मी पस्तीसच काढायचो.

त्या रायपूरबद्दल बोलायच्या. उकाडा. कूलरचं पाणी. शेजारणी चांगल्या आहेत, पण बोलणं लोणच्यापाशी सुरू होतं आणि लोणच्यापाशी संपतं. मिस्टर आठ वाजता येतात. तेजू नव्या शाळेत रुळत नाही. आणि मग अचानक म्हणायच्या, "ते बाराव्या तारेचं काय केलंस? तिथं एक गंमत आहे बघ," आणि त्यांचा आवाज बदलायचा. फळ्यापाशी उभ्या राहून बोलतायत असं वाटायचं. मी रिसीव्हर घट्ट धरून ऐकत राहायचो.

त्याला काय म्हणायचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि आजही नेमकं नाव देता येत नाही. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, संसारी. मला त्यांच्याकडून काही नको होतं. फक्त चार वाजायला हवे होते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी म्हणालो, "मॅडम, सगळ्या तारखा काढायला सांगितल्यात. फौंड्र्यांची नावं, ताप, सगळं."

"काढ की. ते काय जगाला वाचायला लिहिलं होतं? एकटी बसायचे म्हणून लिहायचे." मग त्या म्हणाल्या, "वर पहिल्या ओळीत माझं नाव आहे. ते काढायचंय का?"

पहिल्या ओळीत होतं : लेखन, एस. हुक्केरी, कोल्हापूर.

"त्याबद्दल काही म्हणालेले नाहीत ते."

"मग तेवढी राहू दे, जमलं तर. बाकी सगळं काढ." पलीकडून कूलरचा घरघर आवाज येत होता. "काय होतं माहितेय का इरफान, इथं मी सांगितलं ना की मी असं असं काम करत होते, तर लोक 'हो का' म्हणतात आणि दुसरं बोलायला लागतात. तेजूलासुद्धा वाटतं आई ऑफिसात टायपिंग करत होती. ते तिकडं गेलं की तिला दाखवीन म्हटलं."

"राहील मॅडम," मी म्हणालो. "ती ओळ राहणार."

तिसऱ्या आठवड्यात इशारे शून्यावर आले आणि मी फाइल पाठवून दिली. चार दिवसांनी लेहतोनेनचं उत्तर आलं. त्यानं कॉमेंट्सची तारीफ केली होती. दोन मिलिसेकंदांचा खुलासा विशेष आवडल्याचं लिहिलं होतं. आता एकच शंका उरली होती. फाइलीवर लेखक म्हणून एस. हुक्केरी आहे आणि पाठवणारा इरफान मुजावर. हुक्केरी यांनी हे लिहिलं असेल तर त्यांनी स्वतः एका ओळीची मेल करावी, की हे माझं काम आहे आणि माझ्या संमतीनं देत आहे. तेवढं आलं की घेतो.

एक ओळ. तीही मेलनं.

मी खाली जाऊन साहेबांना सांगितलं. ते माल भरायच्या गडबडीत होते. "बाई आता आपल्याकडं न्हाईत," ते म्हणाले. "त्या कधी मेल करणार, काय लिहिणार, परत तो काय विचारणार. काय लावलंयस हे? वर कंपनीचं नाव घाल, लिहिणाऱ्याच्या जागी तुझं घाल आणि विषय संपव. पगार कंपनीनंच दिलेला न्हवं बाईंना?"

"पण लिहिलंय त्यांनी, साहेब."

"मग विचार त्यांना. पण आज-उद्यात संपव."

हे मी मुद्दाम सांगतोय. विचार त्यांना, असं साहेब म्हणाले होते. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की साहेबांनीच काढायला लावलं.

चार वाजता मी फोन केला.

"काय रे, आलं का उत्तर?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"अजून बघतोय तो," मी म्हणालो.

"बघू दे, बघू दे. घाई करायची नाही." त्या खुशीत होत्या. तेजूच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि त्यांनी तिला तांब्याची आणि लोखंडाची तार एकत्र पिळून मेणबत्तीवर धरायला शिकवलं होतं. मीटरचा काटा हलला म्हणे. "शाळेतल्या बाईंना पटेचना, एवढ्याशा तारेनं वीज होते ते."

"मॅडम, तसं का होतं नेमकं?" मी विचारलं.

त्यांनी मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. वीस मिनिटं. मला ते येत होतं.

फोन ठेवला आणि ती ओळ निवडली, आणि काढली. तिथं कंपनीचं नाव लिहिलं, त्याखाली माझं. तपासणीचा प्रोग्राम चालवला. शून्य इशारे. पाठवून दिलं.

पाचव्या दिवशी ड्रायव्हर स्वीकारल्याचं कळलं. साहेबांनी पेढे आणले, स्वतः जिना चढून वर आले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी मॅडमना फोन केला. त्यांनी मला फाइलीचा नेटवरचा पत्ता एकेक अक्षर सांगायला लावला आणि लिहून घेतला. "रविवारी तेजूला घेऊन नेटकॅफेत जाते," म्हणाल्या. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "तिरपी रेघ, मग ड्रायव्हर्स."

सोमवारी चार वाजता त्यांनीच फोन उचलला.

"बघितलं," त्या म्हणाल्या.

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"छान लागल्यात ओळी. एका रेषेत. ते रिलेचं वाक्य मात्र फार सुरेख केलंयस, मला नसतं जमलं."

"मॅडम, ते वरचं..."

"नेटकॅफेत गर्दी होती रे. अर्धा तासच मिळाला. तेजू कंटाळली." मग म्हणाल्या, "बरं, ठेवते. दूधवाला आलाय."

चार वाजता दूधवाला येत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्या दिवशी एका लहान मुलीनं उचलला. "आई झोपलीय," ती म्हणाली. मागं कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा आवाज येत होता. त्यानंतर मी फोन केला नाही. काही महिन्यांनी फॅक्टरीला रंग दिला तेव्हा फळाही बदलला.

त्या एका नावावर मला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत तिघांनीही तेच विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? मी म्हणालो, काम केलंय त्याच्यावर. त्यांना तो विनय वाटला. पगार वाढला, घर झालं, शाहीनशी लग्न झालं, मुलगी झाली. माझ्याकडं कमी काही नव्हतं. पण ऑफिसात दुपारचे चार वाजले की मला काम सुचायचं नाही. सगळे चहाला उठायचे आणि मी ती फाइल उघडून बसायचो. माझी ती सरळ, नियमात बसलेली इंग्रजी वाक्यं वाचायचो आणि प्रत्येकाच्या खाली पूर्वी काय होतं ते आठवायचा प्रयत्न करायचो. "प्रत्यक्ष भट्टीवर तपासले आहे" याच्या खाली चप्पल होती. "किंमत अंदाजे" याच्या खाली काय होतं? पहिल्या दोन-तीन वर्षांत बरंच आठवायचं. मग एकेक निसटत गेलं. शेटे साहेबांनी फॅक्टरी विकली, जुनी मशीनं भंगारात गेली, त्यांच्याबरोबर मूळ फाइलही. तिची प्रत ठेवावी असं मला तेव्हा सुचलं नव्हतं. कुणाच्या वाक्यांची आठवण माणसाला इतकी येऊ शकते, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांनी, शाहीनच्या मामाच्या घरच्या एका लग्नात कोल्हापूरला आमचे जुने स्टोअरकीपर भेटले. बोलता बोलता म्हणाले, हुक्केरीबाई गडहिंग्लजला परत आल्यात, मिस्टर रिटायर झाले, बाई मुलींच्या शिकवण्या घेतात.

पुण्याला आल्यावर मी आधी दुरुस्ती लिहायला बसलो. साधं होतं. फाइलीच्या डोक्यावर एक ओळ घालायची, आणि ती का घालतोय ते दोन वाक्यांत सांगायचं. ती दोन वाक्यं लिहायला मला रविवारची अख्खी दुपार लागली. मग, मी रोज उघडायचो ती जुनी प्रत बाजूला ठेवून, सिस्टीमची ताजी प्रत उतरवून घेतली आणि फाइल शोधली.

फाइल नव्हती.

पाच महिन्यांपूर्वी काढून टाकली होती. कारण एका ओळीत दिलं होतं : हे कार्ड आता कुणी वापरत असल्याचं आढळत नाही. माझं नाव, कंपनीचं नाव, दोन मिलिसेकंद, सगळं एका फटक्यात गेलं होतं. ओळ घालायला जागाच उरली नव्हती.

पुढच्या शनिवारी मी गडहिंग्लजला गेलो.

घर बाजारपेठेच्या मागं होतं, बैठं, पुढं सिमेंटचा ओटा. दार उघडंच होतं. त्या सतरंजी अंथरत होत्या. केस पांढरे झाले होते आणि चष्म्याची काच जाड झाली होती. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"इरफान," त्या म्हणाल्या. "जाड झालास."

त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला, तेजू बंगलोरला नोकरी करते हे सांगितलं. मी कप खाली ठेवला आणि एकदम सगळं बोललो. लेहतोनेनची मेल, एका ओळीची अट, साहेब काय म्हणाले ते, मी काय लपवलं ते. दुरुस्ती लिहिली पण फाइलच काढलीय हेही.

मी थांबल्यावर म्हणाल्या, "मला एक सांग. नाव काढलंस ते समजू शकते. वय होतं, पुढं जायचं होतं. पण त्या दिवशी फोन केलास ना मला? मग विचारलं का नाहीस? मी हो म्हटलं असतं की लगेच."

"म्हणूनच," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"तुम्ही मेल केली असती तर पुढचं सगळं त्यानं तुम्हाला विचारलं असतं. मी मध्ये लागलो नसतो. चार वाजता फोन करायला माझ्याकडं काही उरलं नसतं. आणि नावही हवं होतं मला, खोटं कशाला बोलू. तुमची जागाही हवी होती आणि तुमचा आवाजही."

हे मी अकरा वर्षांत स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो. त्यांनी नजर काढून घेतली नाही, आणि हसल्याही नाहीत.

"तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं?" त्या म्हणाल्या. "दोन तारा तापवल्या की वीज का होते, हे तू मला तिसऱ्यांदा विचारत होतास. मी तिसऱ्यांदा सांगितलं. कारण दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं रे. तू नाही आठवायचास मला, वाईट वाटून घेऊ नकोस. ते काम आठवायचं. ती खोली. चार वाजले की मी चपला घालून फोनपाशी बसायचे, माहितेय? घरात. ऑफिसला निघाल्यासारखी."

"मग नंतर फोन का नाही उचलला?"

"उचलला असता तर भांडले असते. भांडायचं नव्हतं तुझ्याशी." त्यांनी कप उचलले. "तेजूनं त्या दिवशी सगळी फाइल खालपर्यंत नेली. म्हणाली, आई, यात तुझं काय आहे? मला दाखवता येईना. सगळं माझंच होतं आणि एक शब्दही माझा नव्हता."

त्या आत गेल्या. नळाचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता उठावं.

तेवढ्यात मुली आल्या. सात-आठ जणी, दहावीच्या असतील. चपला दारात काढून सतरंजीवर ओळीनं बसल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. मॅडम हात पुसत बाहेर आल्या.

"हे इरफान सर," त्यांनी सांगितलं. "पुण्याला मोठ्या कंपनीत आहेत. आम्ही दोघांनी मिळून एक ड्रायव्हर लिहिला होता, कोल्हापूरला असताना. जगभर गेला होता तो."

दोघांनी मिळून. त्या अगदी सहज म्हणाल्या, भाजी निवडल्यासारखं.

"नाही," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. मुली दचकल्या. "लिहिला तुमच्या मॅडमनी. एकट्यांनी, चार वर्षं. मी नुसत्या कॉमेंट्स नीट लावल्या."

एका चुणचुणीत मुलीनं हात वर केला. "कॉमेंट्स म्हणजे काय सर?"

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी खडू उचलला होता आणि फळ्याकडं वळल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ते नंतर. आधी वह्या काढा. काल कुठं थांबलो होतो?"

मुलींनी वह्या काढल्या. कोल्हापूरची बस साडेपाचला होती आणि निघायला हवं होतं. पण त्या बोलायला लागल्या होत्या. उष्णता म्हणजे काय, तापमान म्हणजे काय, दोन्हींत फरक कसा ओळखायचा. आवाज तोच होता. मी उठून दारापर्यंत गेलो होतो, तो मागं आलो, मुलींच्या मागं भिंतीला टेकून सतरंजीच्या कडेवर बसलो, आणि तास संपेपर्यंत ऐकत राहिलो.